एकेका बैलाची वाटणी

मी एक जुनी मोट आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेही नसेल. वलगावच्या चांभाराने मला म्हशीच्या कातड्याची शिवली, तेलात मुरवली आणि गोवर्धन माळ्याच्या विहिरीवर आणून दिली. बैलजोडी उतारावर चालली की मी पाण्याने भरून वर यायची आणि माझ्या सोंडेतून ते पाणी वांग्यांना, झेंडूला जायचे. अमरावतीच्या बाजारात आमच्या वांग्यांना मान होता.

गोवर्धन आणि त्याची बायको मनकर्णाबाई यांचे मात्र जमले नाही. शेवटी उत्तमराव पंचांनी सर्वांसमोर काडी मोडली आणि फारकत झाली. उत्तमराव मोठे न्यायी. त्यांनी घराच्या मधोमध कुडाची भिंत घालून दोन दारे केली. मळा अर्धा अर्धा दिला. लहानगी शालू आईकडे राहणार होती, पण तिला बापाचे दारही मोकळे होते. चांद्या बैल मनकर्णाबाईला मिळाला आणि मोऱ्या गोवर्धनला. विहीर आणि मी दोघांची. कोणालाच तक्रारीला जागा उरली नाही, म्हणून पंच पोटभर जेवून घरी गेले.

आता एका बैलाने मला ओढणार कोण? आणि दुसरा बैल मागणार कोण? मी काठावर पडून वाळू लागले. वांग्यांनी माना टाकल्या. मनकर्णाबाईचे पोट त्या अर्ध्या मळ्यावरच चालायचे. मळा वाळून गेला असता, तर शालूला घेऊन तिला बार्शीटाकळीला भावाच्या दारात जावे लागले असते.

एका सकाळी ती चांद्याला घेऊन विहिरीवर आली. पलीकडे गोवर्धन मोऱ्याला धूत होता. फारकतीपासून दोघांचे बोलणे बंद होते, म्हणून ती बैलाशी बोलली.

"चांद्या, तुह्या जोडीदाराले इचार, वांगे वाळवून कोनाचं पोट भरते म्हना."

गोवर्धनने मोऱ्याच्या पाठीवर पाणी ओतले. "मोऱ्या, तिले सांगजो, मांगतला असता तं देल्ला असता."

"मांगाले मी काय पावनी हाओ? इहीर माही बी हाय."

मोऱ्याने शेपटी हलवली. गोवर्धनला हसू आले. तो जू घेऊन आला.

तेव्हापासून एक दिवस तिचे पाणी, एक दिवस त्याचे. संध्याकाळी बैल आपापल्या गोठ्यात जायचे. पुढे गावात कोणाचीही फारकत असली, की उत्तमराव जेवणाआधीच विचारायचे, "बैलाले जोड हाय काय?"

शालूच्या लग्नात भिंत तशीच होती. आई एका दारातून आली, बाप दुसऱ्यातून. तिला सासरी नेणाऱ्या बैलबंडीला मात्र चांद्या आणि मोऱ्याच जुंपले होते.

आता विहिरीवर इंजिन आहे आणि मी खुंटीला. मित्रांनो, वाटणी करावी लागली तर जरूर करा. पण जे जोडीनेच चालते, ते आधी बाजूला काढा. आणि इकडे आलात तर मला थोडे तेल लावा. कोणत्याही दाराने या, खुंटी भिंतीच्या टोकालाच आहे.