स्वल्प म्हणजे किती

संयोगिताचा शोधनिबंध दोन ठिकाणांहून परत आला होता, आणि दोन्हीकडून अगदी प्रेमानं. संख्याशास्त्राच्या परदेशी नियतकालिकानं कळवलं, "काम सुरेख आहे, पण हे मानसोपचारवाल्यांना दाखवा." मानसोपचारवाल्यांनी कळवलं, "काम सुरेख आहे, पण एवढी सूत्रं? संख्याशास्त्रवाल्यांना दाखवा." म्हणजे स्वयंपाकाचं तोंडभर कौतुक करायचं आणि पानावर मात्र बसायचं नाही!

बरं, विषय काही आकाशातून पडलेला नव्हता. संयोगिता बेंगळुरातल्या मानसिक आरोग्याच्या एका संस्थेत संख्याशास्त्रज्ञ. घराणं साडेतीनशे वर्षांपासून इथलंच. घरात मराठी, पण निम्मी कानडीत बुडवलेली. म्हणून तर जे पुण्याहून आलेल्या कुणाला दिसलं नसतं ते तिला दिसलं. उदासी मोजायची एक प्रश्नावली असते, नऊ प्रश्नांची. झोप लागत नाही का, जेवण जात नाही का, कामात मन लागत नाही का, असे प्रश्न. प्रत्येकाला उत्तरं चार: अजिबात त्रास नाही, थोडा, बरेच दिवस, रोजच. गुण शून्य ते तीन. आता या गावात माणसाला काहीही विचारा, तो 'स्वल्प', म्हणजे कानडीत 'थोडंसं', म्हणणार. रिक्षा उलट्या दिशेनं घालताना स्वल्प, भाडं वाढवून मागताना स्वल्प, आणि महिनाभर डोळ्याला डोळा लागला नसला तरी स्वल्पच! विचारणारा बिचारा 'थोडा'वर खूण करून मोकळा होतो. एक गुण.

संयोगितानं यावर युक्ती काढली. आधी तीन काल्पनिक बायकांच्या गोष्टी सांगायच्या आणि विचारायचं, हिला त्रास किती? जी बाई नुसत्या डोकेदुखीला स्वल्प म्हणते तिचा स्वल्प हलका. जी चार दिवस न जेवलेलीलाही स्वल्प म्हणते तिचा भारी. त्या वजनानं मग तिचे स्वतःचे गुण दुरुस्त करायचे. सूत्र अडीच पानांचं होतं, पण मुद्दा एवढाच.

"ते स्वल्प-बिल्प आधी काढून टाक," विभागप्रमुख दयानंद सर म्हणाले. सर मूळचे निपाणीकडचे, आवाज खणखणीत. "त्याला 'दुसरा पर्याय' म्हण. संगणकावर पन्नास हजार बनावट माणसं तयार कर, त्यांच्यावर सूत्र चालवून दाखव आणि संख्याशास्त्राकडंच पुन्हा पाठव. चौदा महिने लागतील, लागू देत! एकदा तिथं आलं की जगभरचे लोक संदर्भ देतील. बढतीच्या यादीत तेच नाव चालतं, ठाऊक आहे ना?"

ठाऊक नसायला काय झालं? पाच वर्षं ती त्याच बढतीवर डोळे लावून बसली होती. उगाच साधेपणाचा आव कशाला आणायचा? कानडी वळणानं "सरी, सर," म्हणजे 'बरं, सर' म्हणाली आणि बनावट माणसं बनवायला बसली.

तिसऱ्या दिवशी महानंदाअक्काचा फोन आला. अक्का पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्या-कारखान्यांतून प्रश्नावली घेऊन फिरणारी आरोग्यसेविका. संयोगिताची नवी पद्धत पहिल्यांदा वापरून बघितली ती तिनंच.

"मॅडम, जरा इकडं या ओ. एक बाई नवावर अडकलीय."

बाईचं नाव गंगव्वा. नटबोल्टच्या एका छोट्या कारखान्यात भोकं पाडायच्या मशीनवर. जेवणाची सुट्टी झाली होती, पण डबा न उघडता तशीच बसलेली. अक्कानं पुन्हा नऊ प्रश्न विचारले, नऊ वेळा स्वल्प आला. मग संयोगितानं स्वतः गोष्ट सांगितली: एक बाई आहे, चार दिवस अन्नाला शिवली नाही, रात्रभर भिंतीकडं बघत बसते. तिला किती त्रास असेल?

"असतंय की बायकांना," गंगव्वा म्हणाली, "स्वल्प."

संयोगिताला हसू फुटलं आणि लगेच नजर समोरच्या हातांकडं गेली. गंगव्वाच्या बांगड्या पार कोपरापर्यंत सरकत होत्या. जुन्या हिशेबानं गुण नऊ. नव्यानं सोळा. आणि इथल्या दवाखान्याचा नियम असा की दहा झाल्याशिवाय मोठ्या डॉक्टरांकडं चिठ्ठी नाही.

"गेल्या खेपेलाच सोळा लिहून चिठ्ठी धाडली होती मी," अक्का बाहेर आल्यावर म्हणाली. "परत आली. सोळा कुठनं आणलं, छापलेलं दाखवा म्हणत्यात. तुमचं कधी छापतंय?"

"चौदा महिने."

परत आलेली चिठ्ठी अक्कानं घडी करून पिशवीत टाकली. संयोगिताला ते फारच लागलं.

तिनं दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला. ते भले गृहस्थ म्हणाले, "मला पटतंय हो, पण वर उत्तर मला द्यावं लागतं. ते हिरव्या कव्हरचं त्रैमासिक येतं ना आमच्याकडं, त्यात तरी येऊ दे."

हिरवं त्रैमासिक म्हणजे बेंगळूरचंच, चाळीस-पन्नास पानी, दवाखान्या-दवाखान्यांत फुकट येणारं. निर्णय सहा आठवड्यांत. बढतीच्या यादीत नाव शोधूनही सापडायचं नाही. संयोगितानं संध्याकाळपर्यंत सूत्रं परिशिष्टात ढकलली, 'स्वल्प' शीर्षकात घातला आणि निबंध पाठवून दिला.

"अगं, ते त्रैमासिक मी चहावर झाकण म्हणून ठेवतो!" सर कडाडले.

"म्हणजे तुमच्या टेबलावर असतं तरी, सर. ते परदेशी नियतकालिक कपाटात कुलपात असतं."

"बढतीवर पाणी सोडतीयेस तू."

"हो," ती म्हणाली. तोऱ्यात म्हणाली खरी, पण घरी जाऊन चांगली हमसून रडली. सर आठवडाभर बोलले नाहीत. फक्त एके सकाळी तिच्या टेबलावर निबंधाची प्रत सापडली, परिशिष्टातली एक चूक लाल शाईनं दुरुस्त केलेली.

निबंध छापून येईपर्यंत अक्का रोज गंगव्वाशेजारी आपला डबा उघडून बसत होती, दोन घास तरी जावेत म्हणून.

पुढं दर सोमवारी सरांचा एकच प्रश्न. "किती जणांनी संदर्भ दिला?" संयोगिता संगणकावर बघायची. "शून्य." सर "हं" म्हणायचे. त्या "हं"मध्ये सगळं आलं.

तिसऱ्या सोमवारी ती म्हणाली, "एक."

"कुणी? जर्मनीतून?"

तिनं मोबाईल पुढं केला. अक्कानं फोटो पाठवला होता. गंगव्वाच्या नावाची चिठ्ठी, आणि कारणाच्या रकान्यात अक्काच्या वाकड्यातिकड्या अक्षरांत: गुण सोळा, आधार संयोगिता मॅडम, हिरवं पुस्तक, पान एक्केचाळीस. खाली डॉक्टरांची सही. मोठ्या डॉक्टरांची वेळ: बुधवार, सकाळी दहा.

सरांनी चष्मा कपाळावर चढवून दोनदा वाचलं. "पान चुकलंय. त्रेचाळीस आहे," ते म्हणाले. मग खुर्चीत टेकले.

"बुधवारी तिच्याबरोबर कोण जातंय?" त्यांनी विचारलं. आवाज नेहमीचा नव्हता. "एकटी गेली तर मोठ्या डॉक्टरांनाही ती स्वल्पच सांगेल."

संयोगितानं बुधवारच्या रजेचा अर्ज पुढं सरकवला. सरांनी त्यावर सही केली.