आईंनाच विचारा

“भाजीत मीठ नाहीये,” सासूबाई म्हणाल्या.

मुलानं फोनवरची नजर न काढता आईच्या पाठीवरून हात फिरवला. “आहे गं आई. जेव.” मग बायकोला तो हळूच म्हणाला, की आता आईची चवही गेली, डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं. सुनेनं घास घेतला. भाजीत मीठ खरंच नव्हतं.

सासूबाईंचा जन्म शिवणकामात गेला. नवरा लवकर गेला, तेव्हा पुढच्या खोलीत मशीन टाकून, मग नाक्यावर शिवणाचं दुकान काढून त्यांनी मुलाला वाढवलं. गिऱ्हाइकाचं माप घेता घेता त्याला चार शब्द सुनावायलाही कमी करायच्या नाहीत. मग डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला. आजार खराच होता. शेगडी चालू राहायची, सुनेला त्या मधूनच धाकटी बहीण समजायच्या. पण त्या दिवसापासून घरातलं बोलणंच पालटलं. त्या चिडल्या की आजार बोलतोय, गप्प बसल्या की आजार वाढलाय. त्यांच्यासमोरच त्यांच्याविषयी बोललं जाई, जणू त्या घरात नाहीतच.

सून औषधाच्या दुकानात कामाला होती आणि रविवारी समाजशास्त्राच्या वर्गाला जायची. त्या रविवारी ‘चर्चाविश्व’ शिकवलं, ते तिच्या डोक्यावरून गेलं. चार माणसांची चर्चा, त्यात शिकायचं काय? तास सुटल्यावर तिनं शिकवणाऱ्या बाईंना गाठलं.

“नुसती चर्चा नव्हे,” बाई म्हणाल्या. “कशाबद्दल काय बोलायचं, कुणी बोलायचं, कुणाचं खरं मानायचं, हे आधीच ठरून गेलेलं असतं. ठरवणारा एकटा कुणी नसतो, म्हणून ते कुणाला दिसतही नाही. आणि माणसाला जे म्हटलं जातं, तसाच तो सगळ्यांना दिसायला लागतो. कधी स्वतःलासुद्धा.”

बसमध्ये वाटभर सुनेच्या मनात ती भाजीच घोळत होती. नवरा वाईट नव्हता. तो घाबरला होता, थकला होता. आणि ‘आजार बोलतोय’ असं तिनंही कितीदा म्हटलं होतं.

त्याच आठवड्यात वृद्धनिवासाच्या व्यवस्थापक बाई घरी आल्या. आईंना कायमचं तिथे ठेवायचं जवळजवळ ठरलंच होतं. बाई प्रेमळ होत्या. त्यांनी मुलाला विचारलं, आईंना झोप लागते का, माणसांत रमतात का. मुलगा उत्तरं देत होता. सासूबाई मांडीवर हात ठेवून समोरची भिंत बघत होत्या.

“आईंनाच विचारा ना,” सून म्हणाली.

मुलानं तिच्याकडे रोखून पाहिलं. व्यवस्थापक बाई क्षणभर गोंधळल्या, मग खुर्ची वळवून त्यांनी विचारलं, “आजी, तुम्हाला काय वाटतं?”

सासूबाईंनी भिंतीवरची नजर काढून बाईंकडे वळवली. मुलगा मधे बोलायला गेला, तेव्हा सुनेनं त्याच्या हातावर हात ठेवला.

“मला विसरायला होतं,” सासूबाई सावकाश म्हणाल्या. “दिवसा एकटीला भीती वाटते. दिवसभर तिकडे येईन. निजायला मात्र घरी.” मग सुनेकडे वळून त्यांनी तिला धाकट्या बहिणीच्या नावानं हाक मारली आणि पाणी मागितलं.

मुलानं मान खाली घातली. आईला भीती वाटते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानंही विचारलं नव्हतं. थोड्या वेळानं त्यानं दिवसापुरतं ठेवता येईल का, असं विचारलं. तसं ठेवता येणार होतं.

वृद्धनिवासात जायच्या पहिल्या सकाळी सासूबाई इस्त्रीचे कपडे घालून, केस नीट विंचरून दाराशी उभ्या राहिल्या. दुकानाला उशीर होतोय, म्हणाल्या. दुकान केव्हाच बंद झालंय, असं मुलगा एरवी लगेच सांगायचा. आज तो गाडीची किल्ली हातात धरून थांबला.

“घ्यायला कधी येऊ, आई?”

“काम संपल्यावर,” त्या म्हणाल्या, आणि त्याच्यापुढे जिना उतरू लागल्या.