ईशान्येचा दगड

मित्रांनो, म्हैसूरहून नंजनगूडला बसने जाताना वाटेत मोकळ्या साइट्स लागतात. साइट म्हणजे घर बांधायला घेतलेला जमिनीचा तुकडा. आमच्याकडे त्याला प्लॉट सहसा कुणी म्हणत नाही. त्यांतल्या एका साइटच्या कोपऱ्यात, गवतात, एक ग्रॅनाइटचा दगड आडवा पडलाय. टोकाला थोडा पिवळा रंग अजून आहे. तो मी. आता माझ्याकडे काही काम नाही, म्हणून तुम्हाला माझी हकीकत सांगतो.

माझा जन्म खाणीतला. छिन्नीने कापून, ट्रॅक्टरमध्ये घालून मला आणि माझ्यासारख्या पुष्कळांना इथे आणून टाकलं. तेव्हा इथलं केळीचं रान नुकतंच सपाट केलं होतं. प्रत्येक साइटला चार दगड, चार कोपऱ्यांना. मला ईशान्येचा कोपरा मिळाला. पूजा होते ती ईशान्येला, नारळ फुटतो तो ईशान्येला. बाकीच्या तिघांकडे कुणी ढुंकून बघायचं नाही. खरं सांगायचं तर मला त्याचा गर्व वाटायचा.

माझे मालक वासुदेवराव. नंजनगूडच्या एका कारखान्यात ते स्टोअर्स सांभाळायचे. सगळी नोकरी त्यांनी म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातल्या भाड्याच्या घरात, पहिल्या मजल्यावर राहून केली. त्यांचे पणजोबा जुन्या म्हैसूरच्या घोडदळात होते म्हणे. त्यांना जमीन मिळाली होती आणि ती पुढे कधीतरी गेली. कशी गेली, कुठे होती, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण जमीन गेल्याचं दुःख मात्र त्या घरात अजून शिळं झालं नव्हतं. रिटायर झाल्यावर एकरकमी पैसे आले आणि वासुदेवरावांनी ठरवलं, आपल्या नावावर एक तुकडा पाहिजेच.

साइट दाखवायला आणलं ते भुजंगरावांनी. ते त्यांचे लांबचे नातेवाईक, साइट्सची दलाली करणारे. लेआउटच्या, म्हणजे या सगळ्या साइट्सच्या आखणीच्या, सरकारी मंजुरीचा कागद आज नाही तर उद्या येतोच आहे, असं ते सांगत होते. आपलाच माणूस म्हटल्यावर वासुदेवरावांनी पुढे काही विचारलं नाही. पण त्यांच्या पत्नी गिरिजाबाई माझ्यापाशी थांबल्या आणि हळूच म्हणाल्या,

"अहो, सगळे नका घालू. निम्मे पोस्टात राहू देत. महिन्याला काहीतरी हातात येईल."

"पोस्टातले पैसे कुणाला दाखवता येतात का? इथं बघ, उभं राहता येतंय."

"राहा उभे. पणजोबांना घोडा मिळाला, तुम्हाला दगड मिळाला."

तिघंही हसले. भुजंगराव सगळ्यांत जास्त हसले. आणि सगळे पैसे साइटमध्ये गेले.

पूजेच्या दिवशी मला हळदकुंकू लागलं, फुलांची माळ पडली. मुलगा शरत बेंगळूरहून आला होता. पाहुणे येत, जमिनीवर पाय आपटून बघत, म्हणत, बेस्ट केलंत राव, जमीन कधी खाली येत नाही. पुढे काही वर्षं दर रविवारी वासुदेवराव बसने यायचे. गवत काढायचे, मला पाण्याने पुसायचे, पिवळा रंग उडाला की नवा द्यायचे. लग्नामुंजीत त्यांची ओळख 'साइटवाले वासुदेवराव' अशी झाली. आता दीडपट झाली असेल, आता दुप्पट, असं कुणीतरी सांगायचं आणि ते मला येऊन सांगायचे. मित्रांनो, माझी किंमत वाढत होती हे खरंच. पण ती लोकांच्या तोंडात वाढत होती. वासुदेवरावांच्या खिशात तिच्यातला रुपयासुद्धा येत नव्हता. घर चालायचं ते थोड्याशा पेन्शनवर आणि शरत पाठवायचा त्यावर. मुलाकडून घेताना हात पुढं होत नाही, असं ते एकदा गवत उपटता उपटता स्वतःशीच म्हणाले.

शरतचं लग्न झालं. सून रम्या, बारीक नजरेची मुलगी. एका रविवारी ती लहानग्या तुंगाला कडेवर घेऊन आली. सगळे फोटो काढत होते तेव्हा ही मात्र आजूबाजूला बघत होती. एवढ्या वर्षांत एकही घर का उभं राहिलं नाही, लाइटचे खांब का नाहीत, हे तिला खटकत असावं.

"मामा, मंजुरीचा कागद आला का हो?" तिने सासऱ्यांना विचारलं.

वासुदेवराव म्हणाले, येतोय. शरतने तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं, बाबांना वाईट वाटेल, हा विषय नको. रम्याने पोरीच्या टोपीची नाडी बांधली. तिने पुन्हा विचारलं नाही. तिने विचारायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. मोठ्यांना वाईट वाटेल म्हणून घराघरात किती प्रश्न असे गिळले जात असतील.

मग गिरिजाबाईंचे गुडघे गेले. लष्कर मोहल्ल्यातला त्यांचा जिना अरुंद आणि उभा. एक पायरी उतरली की त्या दम घ्यायला थांबायच्या, असं वासुदेवराव सांगायचे. डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन सांगितलं होतं.

त्याच सुमाराला म्हैसुरातल्याच विजयनगर भागातले एक दंतवैद्य, सुधींद्र, साइट बघायला आले. कोपऱ्याची साइट त्यांना मनापासून आवडली. त्यांनी चांगली किंमत सांगितली, तीही रोख. मंजुरी नंतर आली तरी चालेल म्हणाले. त्या दिवशी गिरिजाबाई रिक्षाने आल्या होत्या. उभं राहवेना, म्हणून माझ्यावर बसल्या. सुधींद्र गाडीकडे गेले तसं त्यांनी नवऱ्याकडे बघितलं.

"देऊन टाका. ऑपरेशन होईल. आणि मला खालचं घर पाहिजे, रस्त्यालगत. दारात बसून भाजीवाल्याशी भांडायचंय."

"अगं, दोन वर्षं थांब. रस्ता रुंद होणार आहे, मग दुप्पट येतील. गुडघे पण होतील, घर पण होईल, शरतला ठेवायला पण उरेल."

"शरतनं मागितलंय का?"

"मागायला कशाला पाहिजे? आमच्या घराण्यात एकदा जमीन गेली, तेवढं पुरे."

माझ्यावर हात टेकून उठायचा गिरिजाबाईंनी प्रयत्न केला. जमलं नाही, तेव्हा वासुदेवरावांनी हात दिला. जाताना गिरिजाबाईंनी मागे वळून साइटकडे बघितलंही नाही. त्यानंतर त्या इथे कधी आल्या नाहीत.

रस्ता रुंद झाला, पण पलीकडच्या बाजूने. मंजुरी आलीच नाही. गिऱ्हाइकं यायची, जागा आवडायची, मग कागद विचारायची. हा कागद नसेल तर बँक कर्ज देत नाही, असं म्हणून गाडी वळवून निघून जायची. सुधींद्रांनी तोपर्यंत दुसरीकडे घर बांधलं होतं. भुजंगराव फोन उचलायचे, पण त्यांच्याकडे सांगायला काही नव्हतं. ते वाईट होते असं नाही बरं का. स्वतःच्या सख्ख्या बहिणीलाही त्यांनी इथंच साइट घेऊन दिली होती. न बघता विश्वास ठेवणारे ते एकटेच नव्हते.

वासुदेवराव आता मोहल्ल्यातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात बिलं लिहायला बसू लागले. कारखान्यात ज्यांच्या सहीशिवाय खिळा हलत नव्हता, ते आता खिळे मोजून देत होते. रविवारी येत, पण गवत काढायला वाकवत नव्हतं. तसेच उभे राहायचे. गिरिजाबाई वरच असतात, म्हणायचे. खिडकीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडतात, भाजीवाला तिच्यात भाजी टाकतो. त्यांची चेष्टाही चालते म्हणे. भाजीवाला विचारतो, अव्वा, स्वर्गात टोमॅटो काय भाव? त्या वरून सांगतात, तुझ्यापेक्षा स्वस्त. हे सांगताना वासुदेवराव हसायचे आणि मग बराच वेळ रस्त्याकडे बघत राहायचे.

शेवटी साइट घेतली शंभूरावांनी. त्यांना विटा आणि वाळू ठेवायला जागा हवी होती. सुधींद्रांनी सांगितलेल्या किमतीच्या निम्मीही त्यांनी दिली नाही. ताबा द्यायला वासुदेवराव आले तेव्हा सोबत रम्या होती आणि शाळेत जायला लागलेली तुंगा. शंभूरावांचा माणूस नव्याने मापं घेत होता. त्याने पहारीने मला उपटून बाजूला टाकलं. वासुदेवरावांनी ते बघितलं.

तुंगाने विचारलं, "अज्जा, आता अज्जीचे पाय बरे होणार ना?"

वासुदेवरावांनी उत्तर नातीला दिलं नाही, सुनेला दिलं.

"डॉक्टर नको म्हणाले गं. आता तिच्या हृदयाला झेपणार नाही. दोन-तीन वर्षं आधी आला असतात तर केलं असतं, म्हणाले." मग म्हणाले, "खालचं घर मिळालं, भाड्याचं. रस्त्यालगतच आहे. पण खाटेवरून दारापर्यंत तिला चालवत नाही."

सासूबाईंना रम्या अत्ती म्हणायची. ती म्हणाली, "मामा, राहिलेले पैसे पोस्टात ठेवू. अत्तींच्या नावावर. महिन्याला येतील."

"ठेव," ते म्हणाले. "ती हेच म्हणत होती." आणि बसच्या दिशेने चालू लागले.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात. पैशाच्या गोष्टीत तुम्हाला कुणी विचारत नाही. पण तुम्ही विचारू शकता. घरात कुणी आयुष्यभराची कमाई एकाच ठिकाणी घालायला निघालं, की विचारा, याचा कागद कुठे आहे? आजारपण आलं तर यातलं किती आणि किती दिवसांत हातात येईल? महिन्याला काय मिळेल? मोठी माणसं रागावतील. रागावू देत. आपलाच माणूस आहे म्हणाली, तरी कागद बघायला सांगा. आणि आजी-आजोबा म्हणाले, हे सगळं तुमच्यासाठीच ठेवतोय, तर त्यांना सांगा, आधी तुम्ही वापरा.

जमीन वाईट नाही. मी जमिनीचाच आहे, तिची निंदा कशी करू? दोन वर्षं काय, दोनशे वर्षं थांब म्हणालात तरी मी इथे पडून राहीन, माझं काही बिघडणार नाही. वासुदेवरावांनी माझ्या हिशोबाने वाट बघितली. गिरिजाबाईंच्या गुडघ्यांच्या हिशोबाने बघायला हवी होती.