ऑक्सिजनच्या तोंडाला तेल

टप्प. बाटलीचं बूच निघालं. एवढासा आवाज, पण सकाळपासून मुकं बसलेलं घर त्यानं दचकलं.

शादलियानं गाजरं चिरता चिरता मान वर केली. सासू, लल्ला मब्रूका, तेलाची बाटली घेऊन अंगण ओलांडत कामाच्या खोलीकडे निघाली होती. घाण्यावरून कालच आलेलं यंदाचं पहिलं ऑलिव्हचं तेल, हिरवंगार, घशाला झोंबणारं. मोकनीन गावात नवं तेल घरात आलं की ते आधी भाकरीला लागतं, मग कुरकुरणाऱ्या दाराला, शिलाईच्या मशीनला, खोकणाऱ्या पोराच्या छातीला. तेल लागलं की बरकत आली, म्हातारीचं ठरलेलं वाक्य.

"फिरत नाही होय रे नट? थांब, मी आले," ती आतल्या लेकाला ओरडून म्हणाली. "बायकांनी हात लावलेलं यंत्र, अडणारच!"

यंत्र शादलियाचं होतं. तिचा बाप चांदीचा कारागीर. तोड्यांना डाग कसा द्यायचा ते ती त्याच्या मांडीला मांडी लावून शिकली होती. डाग द्यायचा गॅसचा टॉर्च घ्यायला ती सूस शहरातल्या दुकानात गेली, तेव्हा लेक दोरसाफ तिच्या कडेवर पेंगत होती. दुकानदार मोठा संच गळ्यात मारायला बघत होता. "घे ताई, जहाज कापेल हा."

"मला जहाज नाही कापायचं, दादा. नवरीचे तोडे जोडायचेत."

तिनं सगळ्यात बारीक तोंडाचा टॉर्च घेतला, दोन लहान सिलेंडर घेतले, एक गॅसचा, एक ऑक्सिजनचा, आणि आग उलटी नळीत शिरू नये म्हणून दोन्ही नळ्यांना झडपा घेतल्या. घरी आल्यावर सिलेंडर खिडकीजवळ उभे करून साखळीनं भिंतीला बांधले. दर वेळी सांध्यांना साबणाचा फेस लावायचा आणि दोरसाफनं नाक टेकवून बघायचं. "यम्मा, फुगा नाही!" असं ती ओरडली की मगच काडी. आणि त्याही आधी दोघींनी हात साबणानं धुवायचे. ऑक्सिजनच्या तोंडाला तेलाचा थेंबही चालत नाही. तो दाबानं सुटला की तेल आपोआप पेटतं. पाच वर्षांच्या पोरीला हे बडबडगीतासारखं पाठ होतं.

मग तिच्या नवऱ्याची, मोन्सेफची, टॅक्सी गेली. तो घरी बसला, आणि बायकोच्या दारात नवरीमुलींच्या आया रांगेनं येताना बघू लागला. आठवडाभरात त्यानं खोलीचा ताबा घेतला. "जाळायचंच तर असतं. त्यात काय कलाकुसर?" त्यानं झडपा काढून फेकल्या. म्हणे त्यांच्यामुळे ज्योत कुजबुजते, त्याला गर्जणारी हवी.

आज सकाळी त्याचे दोन दोस्त कॉफीला आले होते, म्हातारीही तिथंच बसली होती. शादलिया कप ठेवता ठेवता हळूच म्हणाली, "झडपांशिवाय पेटवू नकोस रे. आग उलटी येते."

दोस्त खदखदले. "अरे मोन्सेफ, उस्ताद ती, आणि तू शागीर्द!"

मोन्सेफचे कान लाल झाले. त्यानं कप आपटला. "हरामची शपथ! आज या यंत्राबद्दल एक शब्द काढलास तर तू मला हराम. बायको नाहीस माझी. आणि यापुढे टॉर्च माझा, गिऱ्हाइकं माझी. तू कुसकुस वाफव."

त्या शपथेला कोर्टात कवडीची किंमत नव्हती. मोन्सेफनं ती मासे शिळे निघाले म्हणून घेतली होती, मीठ कमी पडलं म्हणून घेतली होती, आणि संध्याकाळी विसरलाही होता. हे त्याला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं.

आता ती सुरी ठेवून खोलीच्या दाराशी गेली. आज तिथं ऑक्सिजनचा नवा सिलेंडर जोडणं चाललं होतं. सासूनं तेल ओतलेलं. पितळी आटे चकाकत होते, सिलेंडरचं तोंड चकाकत होतं, मोन्सेफची बोटंसुद्धा. नट लोण्यासारखा फिरत होता. दोरसाफ बापाच्या गुडघ्याशी बसली होती.

"बाबा, तिथे तेल लावायचं नसतं!"

"घ्या! आणखी एक उस्ताद. आईनं पढवलेली मैना." त्याची नजर दाराकडे गेली. "काय गं, तुझ्या पण जिभेवर आलंय वाटतं काहीतरी? बोल की. बोल, आणि कपडे बांधून बापाच्या घरी चालती हो."

म्हातारी तोंडाला पदर लावून हसली.

शब्द खरंच जिभेवर होता. शादलियानं तो खडीसाखरेसारखा घोळवला. मग तो गिळला, आणि हसली. आत येऊन तिनं लेकीला उचललं, तिचं डोकं खांद्यात घट्ट दाबलं, आणि अंगण ओलांडून विहिरीच्या कठड्यामागे जाऊन बसली. सासूही बाटली ठेवायला स्वयंपाकघराकडे वळली.

मोन्सेफचा हात जड. त्यानं सिलेंडरची चावी एका झटक्यात पूर्ण उघडली.

आवाज कोरडा होता. मग पांढरा उजेड, आणि मग माणसाचा वाटणार नाही असा ओरडा.

शेजारच्या हबीबनं पोतं टाकून त्याला विझवलं. चेहऱ्याची उजवी बाजू उरली नव्हती, बोटं एकमेकांना चिकटली होती. म्हातारी भाजल्या अंगावरही तेलच ओतायला धावली, तेव्हा हबीबनं तिचा हात धरला. मोन्सेफला गाडीत घातलं तेव्हा तो पाणी मागत होता.

"तुला माहीत होतं!" म्हातारी सुनेच्या अंगावर धावली. "बापाकडे शिकलीस ना? मग सांगितलं का नाहीस?"

"शपथ होती, लल्ला," शादलिया खाली मान घालून म्हणाली. "तुमच्यादेखतच घातली त्यानं. मोडून तुमच्या लेकाचं घर मोडू का?"

दारात जमलेल्या बायका हळहळल्या. एकीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "काय ही बाई! एवढ्यातही नवऱ्याचा शब्द पाळला."

गाडी गेली, म्हातारी तिच्यात बसून गेली, बायका पांगल्या. शादलियानं लेकीला मांडीवर घेतलं, तिच्या केसांतली काजळी फुंकरीनं उडवली, कपाळाचा मुका घेतला. पोर बराच वेळ खोलीच्या काळ्या दाराकडे बघत होती.

"यम्मा, तू बोलली असतीस तर हराम झालं असतं ना?"

"हो गं, सोन्या."

"पण मला उचललंस तेव्हा तू कुठे बोललीस? मग बाबाचा हात का नाही ओढलास?"