खळ्यातलं स्वागत

"आले गो आले, तुझे दारू पिणारे आले!" पूर्णगडच्या उतारावरून खाडीकडे बघत शेजारची सगुणावहिनी ओरडली.

"वहिनी, वाइन म्हण. आणि पिणारे नाहीत, चाखणारे," वेदिका म्हणाली.

"व्हय तर. आमच्याकडचे पण चाखता चाखताच आडवे होतात."

वेदिकाला हसू आलं. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या छोट्या क्रूझवर तिला नवी नवी नोकरी लागली होती. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली मुलगी म्हणून वाइनची माहिती सांगायचं काम तिच्याकडे आलं. सकाळी प्रवाशांना रत्नागिरीचं बंदर, दीपगृह, थिबा राजवाडा दाखवायचा. दुपारी जहाज पूर्णगडसमोर नांगर टाकणार, लाँचमधून माणसं किनाऱ्यावर येणार, जांभळाची वाइन चाखणार आणि मग किल्ला बघणार. वाइनही हॉटेलात नाही, कोकणातल्या खऱ्या घरापुढच्या अंगणात, खळ्यात. ही कल्पना वेदिकाचीच. आज पहिली फेरी होती, म्हणून ती कालच इथे येऊन राहिली होती.

घर होतं यमुनाकाकीचं. काकी म्हणजे वेदिकाच्या वडिलांच्या चुलतभावाची बायको. भिकाजीकाका बोटीवर नोकरीला होते. ते वारल्यापासून काकी एकटीच राहायची. "माझ्या खळ्यात दारू?" असं म्हणून तिने आधी साफ नकार दिला होता. पण वेदिकाने लहानपणच्या सुट्ट्यांमधल्या लाडाची आठवण काढून तिला गळ घातली आणि काकीने पुरती हो म्हणायच्या आतच साहेबांना कळवूनही टाकलं की घर पक्कं.

काकीने मात्र काही कसर ठेवली नव्हती. खळं सारवलं, रांगोळी काढली, काजू भाजले, ठेवणीतली साडी नेसली. पाहुणे फाटकाशी आले, तेव्हा ती ताट घेऊन पायरी उतरली. ताटात कुंकू, अक्षता आणि पेटलेलं निरांजन.

पुढचं सगळं वेदिकाच्या हातांनी केलं. तिने पुढे होऊन काकीच्या हातातलं ताट घेतलं.

"काकी, तू आत काजू बघतेस काय जरा? करपतील."

आणि ताट सगुणावहिनीकडे दिलं. तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या.

काकीचे हात क्षणभर तसेच राहिले, अजून ताट धरल्यासारखे. मग "बघते" म्हणून ती आत गेली. बोलण्यासारखं काही झालंच नव्हतं, हीच त्यातली सोय होती.

वेदिकाने स्वतःला विचारून बघितलं, असं का केलं मी? सगुणावहिनी नाक मुरडेल म्हणून? फोटोसाठी? पाहुण्यांना यातलं काय कळणार होतं? कॉलेजच्या शिबिरात याच मुलीने गावातल्या विधवांना बोलावून हळदीकुंकू केलं होतं, त्याचा फोटो पेपरात आला होता. एकही कारण पटेना. विचाराच्या आधी हात गेला होता, एवढंच खरं.

सगुणावहिनी एकेकाला ओवाळत होती. पांढऱ्या केसांच्या, बूट घातलेल्या एक बाई पुढे आल्या. पुण्याच्या वासंतीताई. वहिनीचं बोट कुंकवात गेलं, तशा त्या दिलखुलास हसल्या. "अहो, माझे मिस्टर नाहीत हं आता. पण लावा, मला चालतं!"

वहिनीने वेदिकाकडे पाहिलं.

"लाव ना वहिनी, त्यात काय!" वेदिका चटकन म्हणाली. आवाज अगदी गोड, कंपनीने शिकवलेला.

कुंकू लागलं, टाळ्या झाल्या. तेव्हा कुठे वेदिकाला दिसलं, काकी काजूची परात घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती खाली उतरली आणि वासंतीताईंच्या पुढे परात धरली. "घ्या हो. घरच्या झाडाचे आहेत."

वेदिकाने ग्लास भरले. जांभळातला तुरटपणा कशाने येतो, वाइनमध्ये चिमूटभर खायचा सोडा टाकला की लाल रंग निळा-हिरवा का होतो, ते दाखवलं. लोक वा वा करत होते. तिचे कान तापले होते. रक्तवाहिन्या रुंदावल्या की कान तापतात हे तिला ठाऊक होतं, पण त्या ठाऊक असण्याचा काडीचा उपयोग होत नव्हता.

तेवढ्यात दुसरी लाँच लागली. क्रूझचा गौरव, तिचा वरिष्ठ, मोबाइल उंचावून पुढे आला. "ताट कुठाय? चला, स्वागत!"

वेदिकाला वाटलं, चूक दुरुस्त करायची हीच संधी आहे. तिने सगुणावहिनीच्या हातातून ताट घेतलं आणि सगळ्यांदेखत काकीपुढे धरलं. "या आमच्या यमुनाकाकी. आता ओवाळणार त्याच!"

काकीने फाटकाकडे पाहिलं. माणसं उन्हात ताटकळली होती. तिने ताट घेतलं. एकेकाला कुंकू लावलं, निरांजन फिरवलं, पण मान वर केली नाही. गौरव म्हणत होता, "काकी, जरा हसा की!"

वेदिकाला आता स्वतःचीच किळस आली. हे आपण काकीसाठी केलंच नव्हतं.

पाहुणे किल्ल्याकडे गेल्यावर काकी मागच्या दारी ग्लास विसळायला बसली. वेदिका शेजारी उकिडवी बसली.

"काकी, माझं चुकलं."

"काजू कधीच भाजून झालेले हो," काकी म्हणाली. "डब्यात भरलेले. तूच भरलेस माझ्यासंगती."

काकीने पुढचा ग्लास विसळायला घेतला.

"मला काय ओवाळायची हौस नव्हती गो. घर माझं, माणसं माझ्या दारात येतात, म्हणून ताट घेतलं. तू काढून घेतलंस. मग चार माणसांत परत हातात दिलंस. नाय कसं म्हणू? दारातल्या माणसांसमोर तमाशा करू?" तिने ग्लास पालथा घातला. "दोन्ही वेळा मला विचारलंस काय?"

खरं म्हणजे तीनदा, वेदिकाच्या मनात आलं. घर पक्कं केलं तेव्हाही विचारलं नव्हतं.

फाटकातून गौरवची हाक आली. "वेदिका! मोठ्या साहेबांचा फोन आहे. पुढच्या फेऱ्यांना हेच घर ना? सांगून टाकू?"

हो म्हटलं असतं तर नोकरीवर शिक्कामोर्तब होणार होतं. तिने काकीकडे पाहिलं.

"काय सांगू?"

"सांग, घरमालकिणीला विचारायचं राहिलंय."

वेदिका उठली, पुढच्या दारी गेली. किल्ल्यावर न चढलेले काही प्रवासी खळ्यात बसले होते, वासंतीताईही.

"घरमालकिणीला विचारायचं राहिलंय," ती सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

गौरव हसला. "अगं, तू तर म्हणाली होतीस सगळं ठरलंय!"

"मीच ठरवलं होतं."

त्याचं हसू मावळलं. फोनवर हात ठेवून तो दबक्या आवाजात म्हणाला, "मग विचार ना लवकर!"

"आज नाही विचारणार, चार माणसांत नाही," वेदिका म्हणाली. मान खाली घालून तिने टेबलावरचे उष्टे ग्लास गोळा केले आणि मागच्या दारी विसळायला घेऊन गेली. काकीने जराशी सरकून तिला जागा करून दिली.