अलंकारांचे गाऱ्हाणे

नववीच्या वर्गात कर्ता, कर्म, उपमेय, उपमान यांच्या व्याख्यांचा पाठ वर्षभर रोज होत असे आणि त्यात तेजस्वीचा आवाज सर्वांत मोठा असे. वार्षिक परीक्षेत तिने त्या प्रश्नांखाली एक अक्षरही लिहिले नाही. पुरवणी परीक्षेतही नाही.

शर्मिला मॅडम मूळच्या रसायनशास्त्राच्या. मराठीच्या शिक्षकाची जागा रिकामी राहिल्याने तो विषय त्यांच्याकडे आला होता. त्यांनी एकेक कारण तपासून बाजूला केले. भीती म्हणावी, तर विज्ञानाचा पेपर तिने पूर्ण लिहिला होता. दृष्टीचा दोष म्हणावा, तर फळ्यावरचे बारीक अक्षरही ती शेवटच्या बाकावरून वाचत असे.

निकालानंतर तिची आई सुगंधा तिला घेऊन शाळेत आली.

"मॅडम, दाखलो देवा. कुडाळाक हिच्या मावशेन काजूच्या कारखान्यात सांगून ठेवल्यान हा."

"दोन दिवस थांबा. कारण कळू दे."

"कारण कसला? घरात तोंडाक खळ नाय, नि पेपरात मात्र बगळ्यासारख्या गप!"

तेजस्वी खाली मान घालून उभी होती.

"तेजस्वी, उपमेय म्हणजे काय?" उत्तर आले नाही. "बरं, कर्म?" तेही नाही.

मॅडमनी मग वर्गातला पाठ सुरू केला, त्याच लयीत. ही लय त्यांनीच बसवून दिली होती. जत्रेत देवीपुढे मानकरी गाऱ्हाणे घालतो आणि जमलेले लोक दर वाक्याला साथ देतात, ती पद्धत. देवीवर त्यांचा विश्वास नव्हता. लयीने पाठांतर सोपे होते, एवढ्यावर होता. वर्गातल्या तुळसाचा आजा गावचा मानकरी, म्हणून पुढे उभे राहून व्याख्या म्हणायचे काम तुळसाकडे.

या वेळी मॅडमनी मुद्दाम चुकीची व्याख्या घेतली. "ज्याच्याशी तुलना करायची, ते उपमेय..."

"व्हय म्हाराजा!" तेजस्वी खणखणीत म्हणाली.

"क्रिया करतो, ते कर्म..."

"व्हय म्हाराजा!"

सुगंधाला हसू फुटले. मॅडमना नाही.

"तू व्हय का म्हणालीस गं?"

"तुळसा थांबली काय आमी म्हणाचा, मॅडम."

"आणि तुळसा काय म्हणायची?"

"ता तुळसाक म्हायत."

मॅडम खुर्चीत बसल्या. "सुगंधाताई, चूक माझी आहे. हिला पुन्हा नववीत बसवा. मी स्वतः शिकवते."

"चूक तुमची, मॅडम, आणि वरस हिचा?" सुगंधाने पिशवी उचलली. "दाखलो देवा. एस्टी चुकात."

दाखला द्यावा लागला. दोघी गेल्यावर मॅडमनी दुसऱ्या शाळेत तपासून आलेल्या वर्गाच्या इतर उत्तरपत्रिका काढल्या. बहुतेकांनी त्या प्रश्नांची जागा कोरी सोडली होती. पेपरातल्या इतर प्रश्नांच्या गुणांवर ती मुले तरली होती, तेजस्वी काठावर अडली. तुळसाची उत्तरे तेवढी अचूक होती.

गाऱ्हाण्यात एक जण बोलतो आणि बाकीचे होकार देतात. वर्षभर व्याख्या एकट्या तुळसाने म्हटल्या होत्या. इतरांचा सराव झाला तो होकाराचा, आणि परीक्षेत होकार विचारला जात नाही.