मधल्या उंचीची सीट

पहाटे साडेपाचला उत्तम सायकल घेऊन बाहेर पडला, तेव्हा हंसा पहिल्यांदाच खिडकीत उभी राहिली. एरवी ती या वेळी डबा भरत असते.

डॉक्टर आदल्या दिवशी म्हणाले होते, "गुडघ्याचा एक्स-रे चांगला आहे. सायकल बंद करून बघा." पण सायकल बंद केली तर सिल्व्हर पार्कच्या घरून काशीगावला सहाच्या पाळीला रोज रिक्षा शोधावी लागणार. शिवाय तिथे कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्याला शिडी चढायचीच. सुपरवायझर महिपतने पंधरा दिवस दिले होते. शिडी जमत नसेल तर घरी बसा, असं त्याचं म्हणणं. निवृत्तीला अकरा महिने उरले होते.

गेटजवळच्या दिव्याखाली उत्तमने दोन-चार पेडल मारले. प्रत्येक वेळी त्याचा गुडघा जरा जास्तच वर येत होता.

दुपारी तो परतल्यावर हंसाने त्याला भिंतीला पाठ टेकवून उभं केलं आणि मांड्यांमध्ये नववीचं विज्ञानाचं पुस्तक धरायला लावलं.

"आता या वयात उंची मोजून काय करणार?"

"उंची नाही, पाय मोजतेय. हलू नका."

मग तिने स्वतःचंही माप घेतलं आणि कागदावर हिशोब केला. पेडल ज्याभोवती फिरतात त्या आसापासून सीट त्याच्यासाठी बहात्तर सेंटिमीटरवर हवी होती, तिच्यासाठी पासष्टवर. पार्किंगमध्ये जाऊन मोजली तर ती साडेअडुसष्टवर होती. बरोबर मध्ये.

सायकल एकच. सकाळी तो नेई, चार ते आठ ती क्लासला शिकवायला नेई. दीड वर्षापूर्वी घेतली तेव्हा रोज नट कोण फिरवणार म्हणून मधली उंची ठेवली होती. तिनेच सुचवलं होतं.

"म्हणजे दीड वर्ष माझा गुडघा दळला गेला?"

"तुम्हीही हो म्हणाला होतात."

"एम. एस्सी. कोण आहे घरात? मी मान हलवतो फक्त." तो पायरीवर बसला. मग म्हणाला, "तूही चालवताना कमरेतून दोन्हीकडे झुलतेस. मला वाटायचं, तुझी तीच पद्धत."

गुडघ्यामागची शीर हंसाचीही ताणली जायची. क्लासमध्ये उभं राहून दुखतं, असं ती धरून चालली होती.

सायकलवाला जितेश म्हणाला, "भाभी, लीवर डाल देता हूँ. एक सेकंड का काम." पण बिल्डिंगच्या पार्किंगमधून अशा पान्याशिवाय निघणाऱ्या लीवरच्या दोन सीटा एका महिन्यात चोरीला गेल्या होत्या. नटच राहिला, आणि पाना फ्रिजवर. तिने सीटच्या दांड्यावर नेलपॉलिशने रेघा ओढल्या. तिच्यासाठी एक, सीट खाली करायला. त्याच्यासाठी चार, दर तीन दिवसांनी सीट एकेक रेघ वर चढवायला. एकदम उंच केली तर दुसरं काहीतरी दुखेल, असं तिचं मत.

सिग्नलला पाय टेकत नाहीत म्हणून तो दोन दिवस कुरकुरला. "सीटवरून पुढे उतरून थांबा," ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी कुरकुर थांबली. दुपारी सीट खाली करायची त्याने, रात्री परत आल्यावर वर करायची तिने. एकदा ती विसरली. दुसऱ्या दिवशी तो लंगडत आला आणि गुपचूप बर्फ घेऊन बसला.

मुदतीच्या चौदाव्या दिवशी ती रात्री सव्वाआठला घरी आली. तो जेवत होता.

"महिपतने आज वरच्या फळीवरचा खोका काढायला लावला," तो ताटाकडे बघत म्हणाला. "मुद्दाम."

"मग?"

"काढला."

"उतरताना दुखलं?"

"थोडं."

"किती थोडं? आधीच्या निम्मं?"

"हंसा, जेवू दे ना."

"बरं. महिपत काय म्हणाला?"

"काय म्हणणार? उद्या दुसरा खोका काढा म्हणाला."

तिने पर्स खुर्चीवर ठेवली. बसावंसं वाटत होतं, पण बसलं की उठणं होणार नाही. फ्रिजवरचा पाना उचलून ती पुन्हा खाली गेली.